खालच्या मजल्यावरची भाषा

असेंब्ली भाषेत आज कुणी सॉफ्टवेअर लिहावं का, हा प्रश्न तसा संगणकवाल्यांचा. मी अनुवादक आहे, शिक्षण तौलनिक साहित्याचं. पण यंत्रानुवादाचा इतिहास वाचताना मी या प्रश्नापाशी येऊन थांबले, कारण दोन्ही इतिहासांच्या आरंभी एकच जोडपं भेटलं: लंडनच्या बर्कबेक कॉलेजातले अँड्र्यू बूथ आणि कॅथलीन बूथ. यंत्राशी माणसाच्या सोयीच्या खुणांनी बोलता यावं यासाठी ज्यांनी पहिली चिन्हलिपी आखली, त्यांनीच पुढे यंत्राकरवी फ्रेंचचं इंग्रजी करण्याची खटपट केली. यंत्रासाठीचा अनुवाद आणि यंत्राकडून होणारा अनुवाद एकाच घरात वाढले, हे कळल्यावर हा प्रश्न परका राहिला नाही.

आधी असेंब्ली म्हणजे काय, ते सांगायला हवं. संगणकाच्या प्रोसेसरला फक्त आकडे कळतात. १९७६ मध्ये इंटेलने बाजारात आणलेला ८०८५ हा प्रोसेसर घेऊ. भारतातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्याच्यावर शिकल्या. प्रयोगशाळेत एक छोटं किट असे, त्यावर मोजकी बटणं आणि लाल आकडे दाखवणारी पट्टी. त्यात पाच आणि तीन यांची बेरीज करायची तर एवढंच भरायचं: ३ई ०५ ०६ ०३ ८० ७६. (सोळाच्या पाढ्यातली ही मोजणी, नवानंतर अक्षरं येतात.) ३ई म्हणजे ‘पुढचा आकडा ए नावाच्या खणात ठेव’, ०६ म्हणजे ‘पुढचा बी नावाच्या खणात ठेव’, ८० म्हणजे ‘ए मध्ये बी मिळव’, ७६ म्हणजे ‘थांब’. हे आकडे पाठ ठेवणं माणसाला जड जातं, म्हणून प्रत्येक आकड्याला एक तोकडं नाव दिलं: एमव्हीआय, एडीडी, एचएलटी. ही नावं म्हणजे असेंब्ली भाषा. एका नावामागे एक आज्ञा. सी किंवा पायथनसारख्या वरच्या भाषेत एका ओळीत बरंच काही मावतं आणि कंपायलर किंवा तसाच दुसरा एखादा प्रोग्राम ते यंत्राच्या भाषेत उतरवतो. असेंब्लीत तसा कुणी मध्यस्थ नाही. एका पदाला एक पद. आमच्या धंद्यात याला शब्दशः म्हणतात आणि नाक मुरडतात. इथे मात्र शब्दशः हाच धर्म.

कॅथलीन ब्रिटन ही गणितज्ञ तरुणी १९४७ मध्ये अँड्र्यू बूथ यांच्याबरोबर अमेरिकेत प्रिन्स्टनला गेली. तिथे जॉन फॉन नॉयमन यांच्या संगणकाची आखणी चालू होती. परतल्यावर दोघांनी आपल्या एआरसी या यंत्राविषयी जे अहवाल लिहिले, त्यांत आज्ञा लिहिण्याची एक आखीव चिन्हपद्धती आली. असेंब्ली भाषेचं जनकत्व कॅथलीनकडे दिलं जातं ते यामुळे. १९५० मध्ये त्यांचं लग्न झालं. २०२२ मध्ये वयाची शंभरी ओलांडून त्या वारल्या, तेव्हा अनेक संगणकवाल्यांनीही हे नाव पहिल्यांदाच ऐकलं असावं. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर नसतं, याची आम्हाला सवय आहेच.

बूथ यांची लिपी मुख्यतः माणसासाठी होती. ती वाचून यंत्राचे आकडे तयार करण्याचं काम यंत्रावरच सोपवणं ही पुढची पायरी, आणि ती केंब्रिजमध्ये पडली. तिथला एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने त्याच्यासाठी फक्त ३१ आज्ञांचा एक छोटा प्रोग्राम रचला. फितीवर ‘ए’ हे अक्षर दिसलं की बेरजेची आज्ञा, ‘एस’ दिसलं की वजाबाकीची, ‘टी’ दिसलं की उत्तर साठवणीत ठेवून खण रिकामा करण्याची. शिवाय फितीवरच्या दशमान आकड्यांचं द्विमानात रूपांतर. एवढं ओझं त्या ३१ आज्ञांनी वाहिलं. यंत्र स्वतःसाठी दुभाषाचं काम करू लागलं ते असं.

या कथेचा एक धागा आपल्याकडे येतो. अँड्र्यू बूथ यांच्या आराखड्यावरून ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीने एचईसी नावाची यंत्रं बनवली. त्यांतलं एचईसी-२एम हे यंत्र १९५५-५६ च्या सुमारास कोलकात्यात, महालनोबिस यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये येऊन बसलं. भारतातला पहिला डिजिटल संगणक तो हाच. म्हणजे बर्कबेकच्या ज्या घराण्यात असेंब्ली जन्मली, त्याच घराण्याचं यंत्र या देशात पहिल्यांदा आलं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतः बांधलेला संगणक १९६० मध्ये सुरू झाला; त्याला टिफ्रॅक हे नाव १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी दिलं. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. आज मोबाइलवर आलेला एखादा साधा फोटोही त्यात बसणार नाही. १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० हे मोठं यंत्र आलं आणि फोरट्रान ही वरची भाषा तिथल्या संशोधकांच्या हाती आली. त्याआधी यंत्राजवळ जायचं तर यंत्राच्याच बोलीत.

फोरट्रानपाशी थोडं थांबू. आज अनुवादकांच्या बैठकीत जे वाद होतात, ते पहिल्यांदा तिथे झाले होते. १९५२ मध्ये ग्रेस हॉपर यांनी आपल्या ए-० या प्रोग्रामला ‘कंपायलर’ म्हटलं, तेव्हा यंत्र स्वतः प्रोग्राम तयार करतं यावर लोकांचा विश्वास बसेना. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या चमूने फोरट्रानचं काम हाती घेतलं तेव्हा हाताने लिहिणाऱ्यांचा आक्षेप स्पष्ट होता: यंत्राने केलेलं भाषांतर बोजड होणार, संथ चालणार, आमच्या हाताची सफाई त्याला यायची नाही. तो आक्षेप बॅकस यांनी मनावर घेतला. चमूची बरीच मेहनत भाषा सुबक करण्यापेक्षा कंपायलर चतुर करण्यात गेली. १९५७ मध्ये आयबीएम ७०४ साठी फोरट्रान बाहेर पडला आणि त्याने उतरवलेल्या आज्ञा कधी कधी इतक्या चलाखीच्या निघत, की करणारेच चकित होत. मग वारं फिरलं. १९६९ मध्ये युनिक्स ही प्रणाली पीडीपी-७ या यंत्राच्या असेंब्लीत लिहिली गेली. १९७३ मध्ये ती सी भाषेत पुन्हा लिहिली गेली आणि एका यंत्राची जहागिरी न राहता कुठेही जाऊ लागली. भाषांतर झालं की ग्रंथ प्रवासाला निघतो, त्यातलाच हा प्रकार.

असेंब्लीच्या वैभवाचा क्षण मात्र याच काळातला आहे. चंद्रावर उतरणाऱ्या अपोलो यानांचा संगणक एमआयटीच्या प्रयोगशाळेत तयार झाला. त्याची कायम स्मृती ३६,८६४ शब्दांची, पुसता येणारी फक्त २०४८ शब्दांची. आकड्याचा योगायोग पाहा: टिफ्रॅकइतकीच, आणि शब्दही लहान. कायम स्मृती अक्षरशः विणलेली असे. तार चुंबकीय कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात हे विणकाम बायका करत. गणिताच्या लांब पल्ल्यासाठी त्यांनी एक वरच्या पायरीची भाषाही केली होती, ती जागा वाचवे पण वेळ खाई; जिथे वेळ वाचवायचा तिथे थेट असेंब्ली. २० जुलै १९६९ ला ईगल उतरत असताना १२०२ ही धोक्याची सूचना झळकली. कामाचा बोजा पेलण्यापलीकडे गेला होता. प्रोग्रामने बिनमहत्त्वाची कामं टाकून दिली, उतरण्याचं काम चालू ठेवलं. मार्गारेट हॅमिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कोणती आज्ञा कितीचा वेळ घेते याचा हिशेब माहीत होता, म्हणून तसं लिहिता आलं.

साहित्याच्या वाचकांसाठी यात एक गंमत आहे. अंतराळवीर या संगणकाशी ‘क्रियापद’ आणि ‘नाम’ अशा दोन बटणांनी बोलत. आधी काय करायचं त्याचा आकडा, मग कशाचं करायचं त्याचा. आणि ही बटणं सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या आरंभी, यंत्राने न वाचण्याच्या ओळींत, कुणीतरी शेक्सपिअरच्या ‘सहावा हेन्री’ मधला उतारा घातला आहे: बंडखोर जॅक केड एका सरदारावर आरोप ठेवतो, की तू नाम आणि क्रियापद असले शब्द बोलणारी माणसं पदरी बाळगतोस. व्याकरण हा गुन्हा ठरवणारा तो प्रवेश. हिशेबाच्या कोरड्या रकान्यात हसून गेलेला हा माणूस मला आपल्यातलाच वाटतो.

आता मूळ प्रश्न. आज असेंब्लीत लिहिण्यात अर्थ आहे का? पूर्ण सॉफ्टवेअर लिहिण्यात बहुधा नाही. पहिलं कारण, कंपायलर फार पुढे गेले आहेत. आजचा प्रोसेसर एका वेळी अनेक आज्ञा हाताळतो, त्यांचा क्रम फिरवतो, पुढे कोणती वाट घेतली जाईल याचा अंदाज बांधतो. हे सगळं डोक्यात ठेवून हजारो ओळी हाताने बसवणं माणसाला झेपत नाही. दुसरं कारण प्रवासाचं. ख्रिस सॉयर यांनी ‘रोलरकोस्टर टायकून’ हा १९९९ चा खेळ जवळजवळ सगळा असेंब्लीत लिहिला. त्या काळच्या घरगुती संगणकावर शेकडो माणसांची जत्रा त्यात न अडखळता चालत असे. पण ती असेंब्ली एका घराण्याच्या प्रोसेसरची होती. २०१४ पासून हौशी प्रोग्रामर तो खेळ उलगडून आधी सी आणि मग सी++ मध्ये उतरवत गेले. वर्षानुवर्षांचं काम झालं ते. श्लेषांनी विणलेली कविता जशी आपल्या भाषेतच झळाळते आणि वेशीबाहेर पडताना अंगावरचे दागिने उतरवते, तसंच. २०२० मध्ये अ‍ॅपलने इंटेलचा प्रोसेसर सोडून आपला स्वतःचा घेतला. सी मध्ये लिहिलेलं पुन्हा कंपाइल करून बरंचसं निभावलं. असेंब्लीत लिहिलेलं नव्याने लिहिणं आलं.

तरीही ती भाषा मेलेली नाही. लिनक्सच्या गाभ्यात संगणक जागा होतानाचे पहिले क्षण, आणि एका कामावरून दुसऱ्या कामावर उडी मारण्याची जागा, आजही असेंब्लीत आहे. तिथे वरच्या भाषेला शब्दच नाहीत. आपण मोबाइलवर जे व्हिडिओ पाहतो, ते उलगडणाऱ्या प्रोग्रामांत हाताने लिहिलेली असेंब्ली भरपूर असते. एव्ही१ प्रकारचे व्हिडिओ उलगडणाऱ्या ‘डेव्हिड’ या मुक्त प्रोग्राममध्ये तर सी पेक्षा असेंब्लीच्याच ओळी कितीतरी अधिक आहेत. अब्जावधी वेळा घडणाऱ्या गोष्टीत एक आज्ञा वाचली तरी बॅटरी वाचते. २०२३ मध्ये डीपमाइंडने अल्फाडेव्ह या आपल्या प्रणालीला असेंब्लीच्या पातळीवर खेळायला बसवलं, तेव्हा तीन संख्या क्रमाने लावण्याच्या कामात १८ आज्ञांऐवजी १७ पुरतात हे तिने शोधलं, आणि तो बदल जगभर वापरल्या जाणाऱ्या सी++ च्या एका ग्रंथालयात गेला. म्हणजे खालच्या मजल्यावर अजून शोधण्यासारखं शिल्लक होतं.

माझं लक्ष मात्र लिहिण्यापेक्षा वाचण्याकडे जातं. एक उदाहरण सांगते, संगणकसुरक्षेतल्या लोकांना ते चांगलंच परिचित आहे. प्रोग्राममध्ये गुप्त किल्ली वापरून झाली की ती स्मृतीतून पुसायची असते, म्हणून प्रोग्रामर शेवटी ओळ लिहितो: या जागी शून्य भर. कंपायलर विचार करतो, या जागेकडे यानंतर कुणीच पाहत नाही, मग शून्य भरण्याचे कष्ट कशाला? आणि ती ओळ गाळून टाकतो. नियमाप्रमाणे त्याचं बरोबर आहे. उत्तरात काही फरक पडत नाही. पण किल्ली तशीच पडून राहते. सी मधला मजकूर कितीही वेळा वाचा, तिथे पुसल्याची ओळ आहेच. गाळलेलं दिसतं ते फक्त असेंब्लीत. ज्यांनी भाषांतरं तपासली आहेत त्यांना हा प्रकार अनोळखी नाही. मूळ कवितेत म्हातारी तीच ओळ दोनदा म्हणते. भाषांतरात ती एकदाच येते, कारण दुसऱ्यांदा म्हटल्याने ‘अर्थात’ भर पडत नाही. भाषांतर सफाईदार, वाचायला छान. त्यातून काय गेलं, ते मूळ उघडल्याशिवाय कळायचं नाही.

याच्याही पुढची गोष्ट केन थॉम्पसन यांनी सांगितली. युनिक्सच्या या जनकाने ट्युरिंग पुरस्कार स्वीकारतानाच्या भाषणात, जे १९८४ मध्ये छापलं गेलं, एक चमत्कारिक युक्ती मांडली. कंपायलरमध्येच एक खोडी घालायची: लॉगिनचा प्रोग्राम समोर आला की त्यात चोरदरवाजा बसव, आणि कंपायलरचाच मजकूर समोर आला की त्यात हीच खोडी पुन्हा बसव. एकदा हे झालं की मजकुरातून खोडी काढून टाकायची. आता लॉगिनचा मजकूर स्वच्छ, कंपायलरचा मजकूरही स्वच्छ, आणि तरी प्रत्येक भाषांतरात चोरदरवाजा. वरून कितीही वाचा, काही सापडणार नाही. विश्वास शेवटी मजकुरावर ठेवायचा की तो उतरवणाऱ्यावर, हा त्यांचा सवाल होता. चाळीस वर्षांनी तो माझ्या टेबलावर येऊन पडला आहे.

कारण बूथ दांपत्याचं दुसरं स्वप्न आता बरंच पुरं झालं आहे. १९५४ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएमने २५० शब्द आणि सहा नियमांच्या जोरावर रशियन वाक्यांचं इंग्रजी करून दाखवलं. १९६६ च्या एएलपीएसी अहवालाने त्या उत्साहावर पाणी ओतलं. आणि गेल्या दहा वर्षांत यंत्रानुवाद इतका सुधारला, की आमच्याकडे येणाऱ्या कामाचं नावच बदललं. अनुवाद कुणी मागत नाही, ‘यंत्राचा मसुदा तपासून द्या’ म्हणतात. हे मसुदे बरे असतात, कधी चांगलेही. मला त्याची तक्रार नाही. बॅकस यांच्या टीकाकारांसारखं हाताच्या सफाईचं तुणतुणं वाजवून काही होणार नाही. खटकतं ते वेगळंच. तपासणाऱ्याला मूळ भाषा यायलाच हवी, ही अट हळूहळू गळून पडते आहे. कन्नडवरून मराठीत आलेला मसुदा कन्नड न येणाऱ्या माणसाने ‘वाचनीय’ करायचा. मग म्हातारीची दुसरी ओळ कोण शोधणार?

आपल्या देशात हा प्रश्न आधीपासून आहे. एका भारतीय भाषेतून दुसरीत जाताना आपण कितीदा इंग्रजी किंवा हिंदीच्या पुलावरून जातो. पूल लागतोच, बावीस अनुसूचित भाषांच्या प्रत्येक जोडीला थेट अनुवादक मिळणं कठीण आहे. कंपायलर बनवणारेही अशीच एक मधली भाषा ठेवतात, म्हणजे प्रत्येक भाषेपासून प्रत्येक प्रोसेसरपर्यंत वेगळी वाट बांधावी लागत नाही. पण साने गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकले आणि त्यांनी कुरल मराठीत आणला, याचं मोल पुलांची संख्या वाढली म्हणून कमी होत नाही. पुलावरून काय सांडलं हे सांगायला काठावर कुणीतरी लागतं.

इथे एक प्रामाणिक अडचण आहे. असेंब्ली हा तरी तळ आहे का? १९९५ च्या पेंटियम प्रो पासून इंटेलचे प्रोसेसर असेंब्लीतली आज्ञासुद्धा आत आणखी बारीक आज्ञांत फोडून मग राबवतात. २०१८ च्या आरंभी स्पेक्टर आणि मेल्टडाउन या नावांनी जे दोष जगापुढे आले, ते त्या आतल्या व्यवहारातले होते. असेंब्ली वाचून ते सहज दिसत नव्हते. म्हणजे जिला आपण मूळ म्हणतो तीही एक आवृत्तीच. महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेत तयार होताना शेकडो हस्तलिखितं जुळवली गेली, तेव्हाही हाती आलं ते व्यासांचं स्वाक्षरी केलेलं पान नव्हतं. हस्तलिखितांच्या आधाराने पोचता येईल तेवढा जुना पाठ होता. त्यामुळे ते काम व्यर्थ ठरलं नाही. एक पायरी खाली उतरल्यावर वरच्या पायरीबद्दल जे कळतं, ते दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळत नाही.

म्हणून माझं उत्तर असं. असेंब्लीत लिहिणारे थोडे असले तरी चालेल. तसे ते आहेतच. वाचणारे मात्र त्याहून बरेच जास्त हवेत. डोनाल्ड क्नुथ यांनी आपल्या प्रोग्रामिंगवरच्या महाग्रंथात १९६८ पासून एका कल्पित यंत्राची असेंब्ली वापरली, जुनी झाली तेव्हा नवी बेतली, पण ती पातळी सोडली नाही. आणि वाचणारे वेळेवर तयार होत नाहीत. विद्यार्थ्याने ३ई ०५ बटणांनी भरून लाल पट्टीवर आठचा आकडा उमटलेला पाहावा, एकदा तरी मध्यस्थाशिवाय यंत्राशी बोलावं, यासाठी अभ्यासक्रमात काही तास राखावे लागतात. तसंच कन्नड, तमिळ, ओडिया थेट वाचणारा मराठी माणूस तयार व्हायला दहा वर्षं लागतात. मसुदा चुकला हे कळल्यावर त्याची शोधाशोध सुरू केली तर उशीर झालेला असतो. यंत्राचे मसुदे येत राहणार. त्यांच्या शेजारी मूळ उघडून बसणाऱ्या माणसाचा पगार कुणाच्या अंदाजपत्रकात आहे, एवढं आताच पाहून ठेवलेलं बरं.